नाकाच्या कामात लुडबुड

आमच्या ऑफिसात कोणाला लागोपाठ दोन शिंका आल्या की तिसरीच्या आत शेजारच्या टेबलावरून बामची डबी पुढे येते. डबीमागोमाग सल्ले येतात. वाफ घे. हळदीचं दूध घे. एक अँटिबायोटिकचा कोर्स करून टाक, उगाच अंगावर काढू नकोस. हेतू चांगला असतो, हे मला मान्य आहे. माझा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. नाकाच्या आत मुळात काय चालतं, हे यांतलं कोणी कधी विचारत नाही. आत एक व्यवस्था चोवीस तास काम करत असते, ती उत्तम असते, आणि आपण सगळे मिळून तिच्या कामात रोज लुडबुड करतो. वर्षानुवर्षं नाक चोंदलेल्या अवस्थेत काढल्यावर हे एकदा स्पष्ट बोलायला हवं असं मला वाटतं.

चेहऱ्याच्या आणि कवटीच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्यांच्या चार जोड्या असतात. त्यांनाच सायनस म्हणतात. सगळ्यात मोठी जोडी गालांमागे. मोठ्या माणसात एकेका पोकळीत साधारण 15 मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे मावतील एवढी जागा. दुसरी जोडी भुवयांच्या वर कपाळात असते. ती जन्मतः नसते, पुढे मूल वाढेल तशी तयार होते, म्हणून तीन वर्षांच्या मुलाचं कपाळ दाबून "याला सायनस आहे" म्हणणाऱ्या काकांना मी हात जोडते. तिसरी जोडी दोन्ही डोळ्यांच्या मध्ये, बारीक कप्प्याकप्प्यांची. चौथी नाकाच्या पार मागे, कवटीच्या तळाशी. या सगळ्यांना आतून ओलं, नाजूक अस्तर असतं. अस्तरावर सूक्ष्म रोम असतात आणि रोमांवर चिकट द्रवाचा पातळ थर. श्वासातली धूळ, परागकण, जंतू या थराला चिकटतात. रोम सेकंदाला दहा-पंधरा वेळा हलतात आणि तो थर मिनिटाला अर्धा ते एक सेंटिमीटर या चालीने पोकळीच्या तोंडाकडे ढकलत नेतात. तिथून तो नाकात, नाकातून घशात, घशातून पोटात जातो आणि पोटातलं आम्ल उरलेलं काम करतं. आपल्याला पत्ताही लागत नाही.

आता यातली अडचण अशी, की गालामागच्या पोकळीचं तोंड तिच्या तळाशी नाही, वर आहे. मोरीतलं पाणी जायचं भोक कोणी छताजवळ ठेवावं, तशी ही रचना आहे. उभ्या माणसाच्या गालातला स्राव आपोआप खाली ओघळून जाऊ शकत नाही. तो रोमांनीच भिंतीवरून वर चढवून बाहेर काढायचा. सायनस निरोगी राहायला म्हणून तीनच गोष्टी लागतात: तोंड उघडं हवं, रोम हलते हवेत आणि स्राव पातळ हवा. यांतली एक बिघडली की स्राव साचतो, साचला की गाल जड होतो, वाकलं की ठणकतं. या तीन गोष्टी ज्याने लक्षात ठेवल्या त्याला अर्धे सल्ले आपोआप निरुपयोगी वाटू लागतील, आणि माझी एवढीच अपेक्षा आहे.

अँटिबायोटिकचं घ्या. साध्या सर्दीत अस्तर सुजतं, तोंडं बंद होतात आणि सायनसमध्येही थोडं साचतंच. हे विषाणूंचं काम असतं आणि विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. प्रौढांच्या शंभर सर्द्यांतल्या एखाद-दोनच सर्द्यांचं पुढे जंतूंच्या सायनसायटिसमध्ये रूपांतर होतं. ते ओळखायची रीतही सोपी आहे: दहा दिवस झाले तरी काडीचा फरक नाही, किंवा बरं वाटू लागलं होतं आणि पाच-सहा दिवसांनी एकदम उलटलं, किंवा सुरुवातीपासूनच जोराचा ताप, घट्ट स्राव आणि चेहऱ्याच्या एका बाजूला कडक दुखणं तीन-चार दिवस टिकून आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जा आणि ते देतील ते पूर्ण घ्या. पण लोक थांबतात कुठे? तिसऱ्या दिवशी रुमालात हिरवं दिसलं की "इन्फेक्शन झालं" म्हणून गोळ्या सुरू. हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींतल्या एका विकराचा असतो. त्या पेशी विषाणूशी लढतानाही येतात. नुसत्या रंगावरून जंतू आहेत असं ठरवता येत नाही, हे डॉक्टर सांगतात आणि रुग्णाचे नातेवाईक खोडून काढतात.

तपासण्यांचंही तेच. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया विद्यापीठातले डॉ. जॅक ग्वाल्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 साली साधी ताजी सर्दी झालेल्या 31 माणसांचे सीटी स्कॅन केले. त्यांतल्या 27 जणांच्या गालामागच्या सायनसमध्ये काही ना काही दोष दिसला. दोन आठवड्यांनी पुन्हा स्कॅन केलेल्यांपैकी बहुतेकांचे सायनस अँटिबायोटिकशिवायच स्वच्छ झाले होते किंवा खूप सुधारले होते. म्हणजे सर्दीच्या चौथ्या दिवशी हौसेने स्कॅन काढला तर त्यात काहीतरी दिसणारच, आणि दिसलं की घरदार हादरणार. दुखणं बारा आठवडे रेंगाळलं, औषधांनी हटेना, तेव्हा दुर्बिणीने नाक तपासून मग स्कॅन काढायचा. त्याआधी नको.

माझं सगळ्यात मोठं भांडण मात्र नाकात टाकायच्या त्या थेंबांशी आहे, आणि थेंबांपेक्षाही ते विकण्याच्या पद्धतीशी. झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन ही त्यांतली औषधं. ती नाकातल्या रक्तवाहिन्या आक्रसून टाकतात, सूज उतरते आणि दोन-चार मिनिटांत नाक मोकळं होतं. जोराच्या सर्दीत तीन ते पाच दिवस वापरायला हे उत्तम औषध आहे. त्यापुढे ते उलटतं. असर संपला की अस्तर आधीपेक्षा जास्त सुजतं, माणूस पुन्हा थेंब घालतो, पुन्हा सुजतं, आणि सर्दी कधीच संपलेली असताना नाक निव्वळ औषधामुळे बंद राहतं. उशीखाली बाटली ठेवून झोपणारी, प्रवासाला निघताना पाकिटाआधी बाटली चाचपणारी माणसं मी पाहिली आहेत. मेडिकलच्या दुकानात कोणी "नाक बंद आहे" म्हटलं की फळीवरून ती बाटली खाली येते, पिशवीत पडते, पैसे घेतले जातात. किती दिवस वापरायची याचा एक शब्द नाही. छापलेली सूचना भिंग लावून वाचावी लागते. आमच्या कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला मी म्हटलं, "दादा, बाटलीवर पेनाने ‘फक्त पाच दिवस’ एवढं लिहून देत जा." तो म्हणाला, "ताई, लोकांना माहीत असतं." लोकांना माहीत नसतं. माहीत असतं तर नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे ही सवय सोडवायला कोणी आलंच नसतं.

गोळ्यांची गोष्ट आणखी खटकणारी. सर्दीच्या कितीतरी गोळ्यांत फेनिलेफ्रिन असतं, नाक मोकळं करण्यासाठी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने सप्टेंबर 2023 मध्ये एकमताने सांगितलं, की तोंडावाटे घेतलेलं फेनिलेफ्रिन बंद नाकावर परिणाम करत नाही. नोव्हेंबर 2024 मध्ये ते अशा औषधांतून काढून टाकण्याचा प्रस्तावही आला. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये क्लोरफेनिरामिन आणि फेनिलेफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखालच्या मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापायचा आदेश निघाला. तरी लहान मुलाचं नाक वाहायला लागलं की आजही घरातली मोठ्यांची गोळी अर्धी करून चारली जाते.

वाफेबद्दल मी बोलले की आई दुखावते. कोमट, दमट हवेने बरं वाटतं, हे मी नाकारत नाही. गरम पाण्याच्या आंघोळीत तेवढं मिळतं. पण वाफ सायनसच्या आत पोचून साफसफाई करते असं नाही, आणि तिने दुखणं लवकर बरं होतं असा भक्कम पुरावाही नाही. भाजण्याचा धोका मात्र खरा आहे. उकळत्या पाण्याचं पातेलं, त्यावर टॉवेल, टॉवेलखाली घुसमटलेलं सहा वर्षांचं पोर, आणि एक धक्का. 2021 च्या उन्हाळ्यात करोनाच्या भीतीने घरोघर दिवसातून पाच-सहा वेळा वाफारे चालले होते. त्या पाण्यात कापूर टाकायची टूमही तेव्हाचीच. कापूर पोटात गेला तर लहान मुलाला झटके येतात. तो मुलांच्या हाताशी ठेवूच नये.

बामने नाक उघडत नाही. मेन्थॉल थंडावा ओळखणाऱ्या चेतातंतूंना जागं करतं आणि नाक मोकळं झाल्याचा भास होतो. हवेची वाट होती तेवढीच राहते.

आणि ते नाक शिंकरणं! बेसिनशी उभं राहून, दोन्ही नाकपुड्या दाबून, सगळा जोर लावून शिंकरायचं, मजल्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं. त्याच ग्वाल्टनींनी 2000 साली दाखवून दिलं, की जोरात नाक शिंकरल्याने नाकातला स्राव उलटा सायनसमध्ये ढकलला जातो. खोकण्या-शिंकण्यात तसा दाब तयार होत नाही. रोमांनी कष्टाने बाहेर काढलेलं आपण एका दमात आत पाठवतो. एक नाकपुडी हलकेच बंद करून दुसरी हळू शिंकरावी, मग दुसरी. मुलांना अंक-अक्षरांबरोबर हे शिकवायला हवं. कुठल्याही बालवाडीत शिकवत नाहीत.

नाकासाठी माणसाने स्वतः करावी अशी एक गोष्ट खरोखर आहे: मिठाच्या पाण्याने नाक धुणं. जलनेती आपल्याकडे कित्येकांना माहीत आहे, योगवर्गात शिकवतात, आणि आधुनिक वैद्यकानेही ती स्वीकारली आहे. तिने घट्ट स्राव पातळ होतो, परागकण आणि धूळ वाहून जाते, रोमांचं काम हलकं होतं. म्हणूनच ती चुकीच्या पद्धतीने केलेली पाहून जीव तुटतो. नुसत्या पाण्याने नाक झोंबतं. मीठ हवं, साधारण लिटरला 9 ग्रॅम. पेलाभर म्हणजे 240 मिलिलिटर पाण्याला चहाच्या अर्ध्या चमच्याहून किंचित कमी, आणि चिमूटभर खायचा सोडा. मीठ शक्यतो आयोडिन नसलेलं. पाणी कोमट. बेसिनवर पुढे वाकायचं, मान थोडी कलती, तोंडाने श्वास घ्यायचा, वरच्या नाकपुडीत पाणी सोडायचं, ते खालच्या नाकपुडीतून येऊ द्यायचं.

पाणी मात्र एक मिनिट खळखळ उकळून निववलेलं किंवा निर्जंतुक केलेलंच हवं. यावर मला कोणाशी तडजोड करायची नाही. "आमच्याकडे फिल्टर आहे", "आम्ही हेच पितो", ही उत्तरं इथे चालत नाहीत. नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमिबा पिण्यात गेला तर पोट त्याला संपवतं. नाकात गेला तर वासाच्या चेतातंतूंवरून मेंदूपर्यंत चढतो आणि त्यातून वाचणारे फार थोडे. 2011 साली अमेरिकेत लुइझियानामध्ये नळाच्या पाण्याने नेती करणारी दोन माणसं अशीच गेली. 2024 मध्ये केरळात मुलं दगावली ती डुंबताना पाणी नाकात गेल्याने. हा आजार दुर्मीळ आहे. पण रात्री पाणी उकळून झाकून ठेवण्याचा आळस त्याच्यासमोर मांडायचाच कशाला? आणि नेतीचं भांडं कुटुंबात फिरवू नये, रोज धुऊन कोरडं करावं. आमच्याकडे पाहुणे आले की "तुझं भांडं दे जरा" असं खुशाल मागतात. मी देत नाही. त्यावरून अबोला झाला तरी देत नाही.

डॉक्टरांनी लिहून दिलेला स्टिरॉइडचा फवारा मात्र लोक घाबरून कपाटात ठेवतात, आणि हा मला दुटप्पीपणा वाटतो. सवय लावणारे थेंब बेलाशक वापरायचे, आणि मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोन, जे रक्तात नगण्य उतरतं आणि अ‍ॅलर्जीने सुजलेलं अस्तर खरोखर शांत करतं, ते "स्टिरॉइड आहे ना?" म्हणून सोडायचं. या फवाऱ्याचा परिणाम दिसायला काही दिवस, कधी दोन आठवडे लागतात. दोन दिवस मारून "काही उपयोग नाही" म्हणणाऱ्याने तो वापरलेलाच नसतो. आधी नाक धुवावं, मान किंचित खाली, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, डावीत उजव्या हाताने, टोक कानाच्या दिशेला, मधल्या पडद्याकडे नाही. मारल्यावर जोरात ओढू नये. ओढलं की औषध घशात उतरतं.

डोकेदुखीचा निकाल लावायचा राहिला. अमेरिकेत 2004 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आपली डोकेदुखी सायनसची आहे असं ठामपणे सांगणारे 2991 लोक तपासले गेले. त्यांतल्या 88 टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनची निघाली. मायग्रेनमध्येही नाक चोंदतं, डोळ्यांतून पाणी येतं, कपाळ-गाल दुखतात. उजेड सहन होत नसेल, मळमळत असेल, घट्ट स्राव नसेल, वास नीट येत असेल, तर संशय मायग्रेनचा घ्यावा. नात्यातली एक वहिनी कित्येक वर्षं सायनसच्या नावाखाली अँटिबायोटिकं घेत राहिली, अर्ध्या दिवसाच्या रजा टाकत राहिली. शेवटी मेंदूविकारतज्ज्ञाने योग्य औषध दिलं. तिची ती वर्षं कोणी भरून देणार नाही.

दातांचंही असंच दुर्लक्ष होतं. वरच्या दाढांची मुळं गालामागच्या सायनसच्या तळाला टेकलेली असतात. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल तर दाढ तपासलीच पाहिजे. ही ओळख नवी नाही. इंग्लंडच्या नॅथॅनिएल हायमोर यांनी 1651 साली या पोकळीचं वर्णन केलं तेव्हाच त्यांनी एका बाईची हकिगत लिहिली आहे: दात काढल्यावर खळग्यातून पाझर थांबेना, तिने चांदीची सुई घालून पाहिली, ती खोल आत गेली, आणि बाई भेदरली. पावणेचारशे वर्षं होऊन गेली, तरी आजही रुग्ण नाकाच्या आणि दाताच्या दवाखान्यांत वेगवेगळे खेटे घालतो.

"सायनसचं ऑपरेशन करू नकोस, परत होतं" हे वाक्य मी इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की त्याचा समाचार घेतल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. जुनी शस्त्रक्रिया न्यूयॉर्कच्या कॉल्डवेल यांनी 1893 मध्ये आणि पॅरिसच्या ल्यूक यांनी 1897 मध्ये सांगितलेली. ओठाखालून, दातांच्या वर हाड उघडायचं, आतलं अस्तर खरवडायचं आणि स्राव वाहून जावा म्हणून पोकळीच्या तळाशी नाकात खिडकी पाडायची. तर्काला धरून होतं. पण ऑस्ट्रियात ग्राझ इथे वॉल्टर मेसरक्लिंगर यांनी वर्षानुवर्षं दुर्बिणीतून रोमांची हालचाल टिपली आणि दिसलं ते असं: स्राव त्या नव्या खिडकीच्या बाजूने जातो आणि वरच्या मूळच्या तोंडाकडेच चढतो. रोमांची वाट ठरलेली आहे. मग शहाणपण हे, की मूळचं तोंडच मोकळं करावं, अस्तर शक्य तेवढं जपावं. 1980 च्या दशकात स्टामबर्गर आणि केनेडी यांनी याच विचाराची दुर्बिणीची शस्त्रक्रिया जगभर नेली. ती औषधांनी न हटणाऱ्या दुखण्यासाठी आहे, आणि तिच्यानंतरही अ‍ॅलर्जी असेल तर नाक धुणं आणि फवारा चालू ठेवावा लागतो. तो बंद केला आणि त्रास परतला, तर दोष सर्जनचा नाही. "नाकाचं हाड वाढलंय" म्हणून उठसूट ऑपरेशनला निघणाऱ्यांनीही थांबावं. मधला पडदा थोडाफार वाकडा आपल्यापैकी बहुतेकांचा असतो.

थांबायचं नसतं तेव्हा मात्र अजिबात थांबू नये. डोळ्याभोवती सूज, एकाची दोन दिसणं, मान ताठणं, भ्रमल्यासारखं होणं, मधुमेह असलेल्या माणसाचा गाल बधिर होणं किंवा नाकात काळी खपली दिसणं, ही त्याच तासाला रुग्णालय गाठायची कारणं आहेत. 2021 मध्ये म्यूकरमायकोसिसने महाराष्ट्रात जे केलं ते नाकापासूनच सुरू झालं होतं.

उरली हवा. तिथे माझं एकटीचं काही चालत नाही. पुण्यात 1950 च्या दशकात दिसलेलं गाजरगवत पावसानंतर प्रत्येक मोकळ्या प्लॉटवर फुलतं आणि त्याचे पराग नाकात जातात. बांधकामाच्या ट्रकांवर ताडपत्री नसते. ऑफिसात बंद खिडक्यांच्या, एसीच्या खोलीत दर सकाळी उदबत्त्यांचा जुडगा लावतात. धुराने रोम मंदावतात, हे सांगितलं की मी नास्तिक ठरते. देवाला एक फूल वाहिलं तरी पोचतं, एवढंच माझं म्हणणं आहे. घरात मी माझ्यापुरतं करते: उशांचे अभ्रे आणि चादरी 60 अंशांच्या गरम पाण्यात धुते, पावसाळ्यात भिंतीला ओल धरू देत नाही, जाळी-जळमटं काढताना मास्क लावते.

सोसायटीत मात्र रोज सकाळी सात वाजता, मुलं शाळेच्या बसची वाट बघत उभी असताना, कोरड्या खराट्याने अंगण झाडलं जातं. धूळ पहिल्या मजल्यापर्यंत चढते. झाडणाऱ्या मावशींच्या नाकावर साधा रुमाल असतो, त्याही दिवसभर खोकत असतात. आधी पाण्याचा सडा मारावा, झाडायची वेळ साडेसहाची करावी आणि मावशींना चांगले मास्क सोसायटीच्या खर्चाने द्यावेत, असा अर्ज मी कार्यालयात दिला. सचिवांनी तो वाचून "बघू" म्हटलं. वार्षिक सभेच्या विषयपत्रिकेत त्याचा उल्लेख नाही. मी तोच अर्ज पुन्हा लिहिला आहे, या वेळी खालच्या तीन मजल्यांच्या सह्या घेऊन, आणि पोच मिळाल्याशिवाय मी कार्यालयातून हलणार नाही.